दोन बोटं वर

जुलै म्हणजे इथे कार्मेलोत कडाक्याची थंडी.
नदीवरचा वारा पत्र्याच्या शेडची फट शोधतो
आणि मी डॅशबोर्डखाली उताणी,
पाय दाराबाहेर, तोंडात टॉर्च.
एकावन्नची शेव्हर्ले. माझ्याहून सहा वर्षांनी मोठी,
बाप गेल्यापासून चार हिवाळे ताडपत्रीखाली.

"हलव," एलादियो दारातून म्हणतो.
खुर्चीत बसून भोपळ्यातला कडू येर्बा
नळीनं ओढतोय. मोतीबिंदूमुळे त्याला आता
गाडीचा रंगही दिसत नाही,
पण बस डेपोत चाळीस वर्षं काढलेले कान आहेत.
मी हात वर करून दांडी हलवते.
स्टेअरिंगच्या गळ्यातून फुटलेली ती दांडी
पडायला आलेल्या दातासारखी
चारी दिशांना राजी,
कुठल्याच गिअरला बांधील नाही.
"वर नाही, खाली वाजतंय.
खालच्या दोन पट्ट्यांत. बुश गेलेत."

गेलेत म्हणजे,
पान्याचं टोक लागताच रबराची कडी
शिळ्या बिस्किटासारखी भुगा होऊन
माझ्या गालावर पडली.
पिनेचं भोक कधीकाळी गोल होतं,
आता बदामासारखं लांबट.

बापाला माहीत होतं.
दांडी दोन बोटांनी किंचित वर उचलायची,
पोटाकडे ओढायची,
एक आवंढा गिळेपर्यंत थांबायचं,
मग खाली. पहिला.
दुसऱ्याला जाताना अधेमधे अडकलीच
तर उतरायचं, बॉनेट उघडायचं,
त्याच दोन पट्ट्या हातानं एका रेषेत आणायच्या
आणि हात विजारीला पुसत परत बसायचं.
एकदा लोखंडी पुलावर, मागे अकरा ट्रक,
हॉर्नचा नुसता कल्लोळ,
आई मांडीवर मावशीच्या साखरपुड्याचा केक धरून
समोर बघत राहिली.
हे एकदाचं दुरुस्त का करत नाहीस,
असं तिनं कधी विचारलं नाही.
विचारलं असेल. मी मागच्या सीटवर झोपलेली असायचे.

दुपारी फाब्रिसिओच्या लेथवरून
पितळेचे दोन बुश आले,
वर्तमानपत्रात गुंडाळलेले, अजून कोमट.
भोक मोठं करून गोल केलं,
बुश ठोकले, वायसर, ग्रीस, नवी कॉटर पिन.
मग एलादियोनं सांगितलं तसं
दोन्ही पट्ट्यांच्या भोकांतून एक ड्रिल आरपार घातलं
आणि त्या न्यूट्रलमध्ये गप्प असताना
रॉडची लांबी जुळवली, अर्धा आटा मागे, अर्धा पुढे,
बोटं बधिर होईपर्यंत.
"आधी उभं राहायला शिकव," तो म्हणाला, "मग चालायला."
ड्रिल काढायला विसरू नकोस, हेही म्हणाला.
विसरलेच होते.

आता दांडी हलवली की टक.
पुन्हा टक. मधे नुसती हवा नाही.
मी उगाच सात-आठ वेळा हलवली.

संध्याकाळी गाडी गल्लीत काढली, एलादियो शेजारी,
किटली पायांत घट्ट धरून.
हातानं दोन बोटांनी दांडी वर उचलली,
पोटाकडे ओढली, आवंढाभर थांबला,
मी क्लच सोडला
आणि आम्ही सरळ मागे गेलो,
बेनितेसबाईंच्या लिंबाच्या कुंडीपर्यंत.
कुंडी वाचली. कडा तेवढी गेली.

एलादियो हसला नाही.
मान तिरकी करून ऐकत राहिला.
"अमादेओ असाच धरायचा," म्हणाला,
आणि जरा वेळानं,
"खाली काही वाजत नाहीये."

क्लच दाबला.
या खेपेला उचललं नाही.
पोटाकडे, खाली. पहिला.
नदीच्या रस्त्याला लागेपर्यंत
दर गिअरला हात थबकत होता
त्याच जागी, आवंढाभर,
आणि गाडी वाट बघत होती
की ही बाई थांबलीय कशासाठी.